कासवमास्तरांची शाळा

९ सप्टेंबर, मंगळवार
आजही नाही गेली. युनिफॉर्म काल रात्रीच इस्त्री करून दारामागे लावलेला, तो तसाच लटकतोय. सकाळी उठल्या उठल्या ईशा पोट धरून बसली. महेश ओरडला, बाप ना तिचा. सूनबाई पल्लवी डोळे पुसत बँकेत गेली. शाळेची घंटा होऊन गेली आणि पोरगी खणखणीत बरी! पोहे मागून खाल्ले, वर लिंबू पिळून.

जुलैपासून हेच. रक्त तपासून झालं, सोनोग्राफी झाली, जंतांचं औषध झालं. डॉक्टर म्हणतात पोटात काही नाही. पोटात नाही तर मग कुठं आहे, ते तरी सांगा ना. फी घेता.

शाळा आमच्या गॅलरीतून हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर. मी सातवीतून सुटले, कारण पुढची शाळा तालुक्याला होती आणि माझे आबा पाठवायला तयार नव्हते. आणि ही नववीतली बाई दारातली शाळा सोडून सोफ्यावर. मला राग येतो. राग आला की मग मलाच कसंतरी होतं.

११ सप्टेंबर, गुरुवार
दिवसभर टॅब आणि ती जपानी कार्टून. कार्टून म्हटलं की फणकारते. "आजी, अ‍ॅनिमे म्हण." बरं बाई, अ‍ॅनिमे. त्याने काय शाळा भरणार आहे?

दुपारी टॅब काढून घ्यायचाच म्हणून गेले. पडद्यावर बघते तर शाळाच! बाकं, फळा, घंटा, सगळं. शाळेचं नाव काढलं की हिच्या पोटात कळ येते आणि बघते काय, तर शाळा. डोकंच फिरलं माझं.

म्हटलं, "खऱ्या शाळेत जायला काय होतं मग?"

इअरफोन परत कानात घातले.

१४ सप्टेंबर, रविवार
आज महेश आणि पल्लवीने मला बसवून सांगितलं. ठरवून बसलेले दोघं, चहासुद्धा आधीच केलेला. घाटावर कुठली तरी निवासी शाळा आहे. म.च्या ऑफिसातल्या कुणाचा मुलगा तिथे "एकदम सरळ झाला." शाळेने यांना कळवलंय की दिवाळीनंतर तरी मुलगी वर्गात दिसली पाहिजे, नाहीतर हजेरी भरणार नाही. म्हणून दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत मुदत. शाळा उघडेल त्या दिवशी गेली तर गेली, नाहीतर त्याच आठवड्यात ईशाचं सामान बांधायचं.

मी म्हटलं, "सरळ व्हायला ती काय वाकडी आहे?"

म. म्हणाला, "आई, प्लीज. रोज घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून डोकं फुटून घरी येतो मी. घरी येऊन परत हेच. तुझ्याकडे दुसरा उपाय आहे का?"

नाही. तोच तर त्रास आहे. नाही माझ्याकडे.

ईशाला सांगितलं यांनी. ती फक्त "ओके" म्हणाली. ओके म्हणे! माझा चहा हातातच निवला आणि ही ओके.

१६ सप्टेंबर, मंगळवार
आज शेजारी जाऊन बसले. म्हटलं, शत्रूचं तोंड तरी नीट बघावं.

बोलणं जपानी, खाली अक्षरं इंग्रजी, आणि ती अशी पळतात की मला अर्धी वाचेपर्यंत पुढची हजर. इंग्रजी मी महेशच्या पाचवी-सहावीच्या पुस्तकांवरून शिकले, ब्लाऊज शिवता शिवता. तेवढं इथं पुरत नाही. मी सारखी "काय म्हणाला? काय म्हणाली?" करत राहिले. शेवटी ईशा वैतागून सांगायला लागली. मग सांगतच राहिली. आवाज काढून काढून. म्हाताऱ्याचा वेगळा, पोरीचा वेगळा. दोन महिन्यांत या मुलीने माझ्याशी एवढी वाक्यं बोललेली नाहीत.

आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं आणि मग रागच आला. हे सगळं बोलणं आत होतं तर!

डोंगरावर एक शाळा आहे, जादू शिकणाऱ्या पोरांची. जपानी नावं माझ्या जिभेवर टिकत नाहीत म्हणून मी माझी ठेवलीत. वर्गशिक्षक कासव आहे. ते कासवमास्तर. दारातून फळ्यापर्यंत पोचेस्तोवर तास संपतो, मग सगळी पोरं उठून त्यांना नमस्कार करतात आणि मास्तर परत दाराकडे निघतात. एक मुलगी आहे, तिची शेपटी लपत नाही. आणि एक पोरगा म्हणजे चक्क छोटा ढग. लाजला की गळतो. तो ढगोबा.

१७ सप्टेंबर, बुधवार
परत बसले. मटार सोलायचे निमित्त.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
काय आहे काय त्यात? सकाळपासून तेच डोक्यात.

खलनायक नाही. मारामारी नाही. आमच्या रात्रीच्या मालिकांत दुधात विष कालवतात, सुनेला जिन्यावरून ढकलतात, आणि ते म्हणे कौटुंबिक. इथं काल अख्खा भाग कशावर, तर डबा कुठल्या झाडाखाली बसून खायचा यावर. जादू चुकली की फार तर सगळ्यांचे बूट पाखरांसारखे किलबिलायला लागतात. मी एकटीच हसत होते, ईशा माझ्याकडे बघून हसली.

ढगोबा फळ्यासमोर गेला, उत्तर येईना, गळायला लागला. आता हसतील म्हणून मीच अंग चोरून बसले. कुणी हसलं नाही. शेपटीवालीने खिडकीतली कुंडी उचलून त्याच्या खाली ठेवली, रोपाला पाणी मिळावं म्हणून. आणि धडा पुढे सुरू. बस, एवढंच.

मी ईशाला विचारलं, "तुमच्या वर्गात असं कुणाचं झालं तर?"

ती म्हणाली, "व्हिडिओ काढतील."

पुढं काही विचारायची माझी हिंमत झाली नाही. मला हे आवडायला लागलंय ही गोष्ट या घरात कुणाला सांगायची सोय नाही.

२० सप्टेंबर, शनिवार
म.ने नेटचा पासवर्ड बदलला. सकाळपासून टॅब म्हणजे नुसती पाटी. ईशा भिंतीकडे तोंड करून झोपलेली, जेवायलाही उठली नाही. त्याला फोन केला तर म्हणतो, "विथड्रॉवल आहे आई, दोन दिवसांत उतरेल." दारुड्याबद्दल बोलतात तसं. पोटच्या पोरीबद्दल!

मी म्हटलं, "ती दिवसातून तेवढीच बोलते रे, ते तरी ठेव."

"कुणाशी बोलते? कार्टूनशी?"

"माझ्याशी!"

फोन ठेवला त्याने. संध्याकाळी आल्यावर काही न बोलता पासवर्ड माझ्या मोबाईलवर पाठवला. "तुझ्यासमोर बघू दे फक्त. तेही तासभरच." मग आम्ही दोघी तो कुंडीचा भाग परत लावून बसलो. म. खांद्यावर बॅग तशीच, आमच्या मागे उभा. ईशा आवाज काढून सांगतेय आणि हा मागे उभा, हे तिला माहीत नाही. भाग संपेपर्यंत हलला नाही. संपल्यावर म्हणाला, "नववीतली घोडी आणि बघते काय!" आणि हातपाय धुवायला गेला.

थांबलास कशाला मग एवढा वेळ, गाढवा?

२३ सप्टेंबर, मंगळवार
काल घट बसले. आजच्या भागाने मात्र माझी झोप उडवायचं ठरवलंय.

ढगोबा आठवडाभर शाळेत आला नाही. मग वर्गातली पोरं त्याच्या घरी गेली. बुडालेल्या तासांचे कागद घेऊन, डोंगर चढून, घामाघूम. ईशा म्हणाली जपानात तशी पद्धतच आहे, कुणी गैरहजर असलं की जवळ राहणारं पोर त्या दिवशीचे कागद घरी आणून देतं. किती साधी गोष्ट! ढगोबा पांघरुणात होता, अर्धा वितळलेला. पोरं काही बोलली नाहीत, नुसती त्याच्याभोवती बसून डबा खात राहिली. हळूहळू तो भरत आला.

ईशा हे सांगताना मध्येच थांबली. पाणी प्यायला गेली म्हणे. परत आली तेव्हा डोळे लाल.

जुलै ते सप्टेंबर. आमच्या दारात कोण आलं? एक पोरगी नाही. तन्वी, जी पहिलीपासून हिच्या ताटात जेवलेली, तीसुद्धा नाही. मी विचारलं तेव्हा ईशाने एवढंच सांगितलं की जूनमध्ये वर्गातल्या मुलींनी मोबाईलवर नवा ग्रुप केला. जुन्या ग्रुपवर आता ही एकटीच आहे. "काही झालं नाही आजी. भांडण पण नाही. मी 'हाय' टाकलं आणि कुणीच नाही बोललं. मग मला कळलं सगळ्या गेल्यात."

त्या एका 'हाय'वर तीन महिने काढलेत पोरीने, आणि आम्ही जंतांचं औषध पाजतोय.

२४ सप्टेंबर, बुधवार
सुचलं! भोंडला.

पूर्वी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मीच करायचे. पाटावर हत्ती काढायचा, पोरींनी त्याच्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची, शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. ईशा आणि तन्वी तेव्हा एवढ्या एवढ्याशा होत्या. बोलवायला निमित्तही लागत नाही, नवरात्रच आहे.

तन्वीच्या आईला, वैशालीला, फोन केला. खरं काय ते सांगितलं की ईशा घरात बसलीय, मैत्रिणी आल्या तर तिला बरं वाटेल. ती म्हणाली, "अहो काकू, आधी नाही का सांगायचं! मी सगळ्या मम्म्यांना टाकते." आणि मी म्हटलं, पोरींना म्हणावं येताना बुडालेल्या अभ्यासाच्या झेरॉक्स आणा.

ईशाला सांगायचं नाही असं ठरलं. तिला शनिवारीच कळू दे.

२७ सप्टेंबर, शनिवार
आल्या! अकरा-बारा पोरी. कुर्ते घालून, केस मोकळे सोडून. घरात इतके आवाज कधीचे नव्हते.

गाणी कुणाला येत नव्हती. मोबाईलवर लावली, मी पुढे म्हणत गेले. एकीने विचारलं, "आजी, हत्तीच का? सिंह का नाही, देवीचा?" मला पण सांगता आलं नाही. खिरापतीला भोपळ्याचे घारगे. "गोड की तिखट?" "गोड." मग काय काय नावं! डोनट, पॅनकेक, ब्राउनी. "अरे यार आजी, हिंट तर द्या!" हसून हसून पुरेवाट. ईशाला सकाळपासून तळणाचा वास येत होता, तिला माहीत होतं, पण ती बोलली नाही. मजा घेत असेल.

हो, ईशा आली बाहेर. आधी खोलीचं दार लावून बसली होती. मग तोंड धुऊन, माझी जुनी ओढणी घेऊन आली आणि फेरात उभी राहिली. हसत होती. सगळ्यांना ताटल्या दिल्या. तन्वीने झेरॉक्सचा हा एवढा गठ्ठा तिच्या हातात ठेवला, फोटो काढले. पल्लवी दारात उभी राहून बघत होती, डोळ्याला पदर लावायला पदर नव्हता म्हणून बाहीच लावली.

म. म्हणाला, "आई, मानलं तुला."

सोमवारी जाईल असं वाटतंय. वाटतंय काय, जाईलच.

२८ सप्टेंबर, रविवार
कपाळ माझं.

सकाळी पल्लवीने तिच्या मोबाईलवर दाखवलं. कुणा मुलीच्या आईने स्टेटस ठेवलंय. ईशा गठ्ठा हातात घेऊन उभी, भोवती सगळ्या पोरी अंगठे वर करून. वर इंग्रजीत लिहिलेलं. मला कळलं तेवढं म्हणजे, आमच्या मुली शाळेत येऊ न शकणाऱ्या मैत्रिणीच्या मदतीला धावल्या, अभिमान वाटतो. खाली हात जोडलेली चित्रं, बदाम.

पूरग्रस्तांना ब्लँकेट वाटतानाचे फोटो असतात ना, तसा.

ईशाला आधीच दिसलेला. कालच. सगळ्या जायच्या आधी. म्हणजे हसत हसत सगळ्यांना दारापर्यंत सोडत होती तेव्हा तिला माहीत होतं.

मी म्हटलं, "अगं, त्यांना कौतुकच वाटलं असेल…"

तेव्हा बोलली. ओरडली नाही, तेच जास्त लागलं. "आजी, ढगोबाकडे ते आले ना, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते आपले आपण आले. तू त्यांना मला बघायला बोलावलंस."

चहा ठेवला. उतू गेला.

२९ सप्टेंबर, सोमवार
गेली नाही. अर्थात. झेरॉक्स कपाटावर.

३० सप्टेंबर, मंगळवार
ईशा माझ्याशी बोलत नाही. बोलत नाही म्हणजे "हो", "नाही", "भूक नाही." टॅब तिने स्वतःहून आणून माझ्या उशाशी ठेवला. "मला नको आता."

हे मला व्हायला हवं होतं ना सुरुवातीला? सुटलं की तिचं ते बघणं. मग?

पल्लवीने संध्याकाळी हट्टाने ठाण्याला नेलं तिला, टेंभी नाक्याच्या देवीला. दर्शन घेऊ, मोकळी हवा लागेल म्हणाली. टेंभी नाक्यावर नवरात्रात मोकळी हवा! रांगेतच ईशाचं पोट दुखायला लागलं, अर्ध्यातून परत. पल्लवी येऊन माझ्याजवळ बसली. म्हणाली, "अहो आई, मी चुकतेय का हो हॉस्टेलचं?" मी आज चुकण्याबद्दल सल्ला द्यायच्या लायकीची नाही, असं म्हटलं तिला. दोघी तशाच बसून राहिलो. बरं वाटलं थोडं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
आपट्याची पानं दिली तिने. वाकून नमस्कार केला. बोलली नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार
सहामाही परीक्षा सुरू झाली. गॅलरीत कपडे वाळत घालताना शाळेतून एकदम शांतता ऐकू येते, पेपरची. ईशा खोलीत पडद्याआड.

मी एकटीच टॅब लावला. का? सांगता येत नाही. ढगोबाचं काय झालं ते बघायचं होतं, असं लिहिते आणि स्वतःलाच हसू येतं. या वयात! कुणाच्या तरी काल्पनिक ढगाची काळजी!

कळेना काहीच. एक वाक्य आलं की थांबवायचं, शब्दकोश उघडायचा, चष्मा पुसायचा, तोवर पडदा काळा. परत बोट लावायचं, मग भलतीकडेच जातो. एका भागाला सगळी दुपार गेली आणि मला एवढंच समजलं की कासवमास्तर कशासाठी तरी धावले. कासव धावलं! का धावलं तेच नेमकं नाही कळलं. टॅब फेकून द्यावासा वाटला.

९ ऑक्टोबर, गुरुवार
आज परत तोच भाग, तेच वाक्य. मी मोठ्यांदा वाचत होते, एकेक शब्द जोडत, मराठी करत. "मास्तर म्हणतात… तू उशिरा आलास म्हणून… मी रागावतो…"

आतून आवाज आला. "रागावत नाही म्हणतायत. नॉट आहे त्यात. नीट वाच ना आजी."

मी नीट वाचलं नाही. मुद्दाम नाही, खरंच अक्षर बारीक होतं. ती बाहेर आली, माझ्या हातातून टॅब घेतला, मागे नेला. ढगोबाला शाळेत यायला उशीर झाला होता आणि त्याला फाटकाबाहेर एकटं उभं राहावं लागू नये म्हणून मास्तर धावले होते. मग त्याच्याबरोबरच आत आले, म्हणजे तेही उशिरा, त्याच्यासारखेच. दोघं मिळून उशिरा.

ईशाने सांगितलं, पण आवाज काढून नाही. नुसतं सांगितलं.

मग मी विचारलं. घाबरतच विचारलं. "तुला खरं वाटतं का गं हे? अशी शाळा?"

"आजी, मी येडी आहे का? नसते अशी शाळा. माहितीय मला."

"मग?"

तिने टॅब उलटा करून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "यात पुढं काही वाईट होणार नाही हे आधीच माहीत असतं. म्हणजे लाज वाटेल असं झालं तरी पण वाईट नाही होणार. तेवढा वेळ पोट दुखत नाही." आणि मग, "पप्पाला वाटतं मी यात जाते राहायला. मी राहायला नाही जात. मी श्वास घ्यायला जाते."

मी सातवीतून सुटले तेव्हा गावात वाचनालयही नव्हतं. वाण्याकडून पुडीचे कागद आणायचे वाचायला. कुठल्याही गोष्टीचं मधलंच पान. त्यातल्या माणसांचं पुढं सगळं चांगलंच झालं असं मी धरून चालायचे. हे तिला सांगावंसं वाटलं, मग नाही सांगितलं. दर वेळी आपलंच घोडं पुढं दामटायचं कशाला?

"भोंडल्याचं चुकलं माझं," एवढंच म्हटलं.

ती म्हणाली, "घारगे छान होते."

१२ ऑक्टोबर, रविवार
म.शी वाजलं. चांगलंच.

निवासी शाळेचा प्रवेश-अर्ज भरून आणलाय त्याने. मी म्हटलं, तिथं नवीन पन्नास पोरी, त्यांचेही ग्रुप असतील, तिथून ती कुठं येईल श्वास घ्यायला? तर म्हणे, "आई, तू तिचे लाड करतेस. जगात सगळीकडे असंच असतं. मला ऑफिसात कोण कुंडी ठेवतं खाली?"

म्हणजे लक्षात आहे याच्या! उभ्या उभ्या बघितलेलं सगळं लक्षात आहे.

मी म्हटलं, "नाही ना ठेवत कुणी? म्हणूनच म्हणते. तू तरी ठेव."

तर डोळ्यात पाणी आलं त्याच्या आणि त्याचाच त्याला राग आला. "मी काय करतोय मग इतके दिवस? तिच्यासाठीच करतोय ना?" दार आपटून खाली गेला. खरं आहे, तिच्यासाठीच करतोय. मीही भोंडला तिच्यासाठीच केलेला. या घरात सगळे तिच्यासाठी करतायत आणि ती तिथंच.

मुदत तीच राहिली. शाळा उघडेल त्या दिवशी.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा
चकल्या नरम झाल्या. ईशाने दारात रांगोळी काढली, छोटा ढग. शेजारच्यांना वाटलं कोबी आहे. तिला हसू आलं. एकदाच.

तन्वी येऊन गेली म्हणे खालपर्यंत. वॉचमन सांगत होता, फराळाचा डबा त्याच्याजवळ ठेवून गेली, वर आली नाही. वैशालीने पाठवलं की आपली आपण आली, कळायला मार्ग नाही. ईशाने डबा उघडला, शंकरपाळे खाल्ले. मी काही विचारलं नाही. शिकतेय हळूहळू, तोंडात मिठाची गुळणी धरायला.

२ नोव्हेंबर, रविवार
उद्या शाळा. घरात सगळे पावलं न वाजवता चालतायत. पल्लवीने दप्तराचं नाव न काढता दप्तर झटकलं. म. मोबाईलवर निवासी शाळेच्या खोल्यांचे फोटो बघत बसलेला, मी आले की पालथा घालतो.

संध्याकाळी ईशा म्हणाली, "आजी, शेवटचे दोन भाग राहिलेत. बघायचे?"

मला वाटलं, जायचं नाही ठरवलंय हिने, म्हणून संपवून टाकतेय. मग वाटलं, जायचं ठरवलंय, म्हणून. काय ते कळेना, आणि विचारायचं नाही. जीव नुसता टांगणीला. एक भाग बघितला. दुसरा लावायला गेले तर म्हणाली, "राहू दे. आज नको."

३ नोव्हेंबर, सोमवार
पोट दुखलं. तरी युनिफॉर्म घातला. सैल झालाय तिला.

म.ने अर्धा दिवस रजा काढली होती, सोडायला येतो म्हणाला. ती म्हणाली, "पप्पा नको. मम्मी पण नको." मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी गेले. आमच्या बिल्डिंगच्या फाटकापर्यंत. तिथं ती थांबली. रंग उडालेला, ओठ पांढरे. एका हाताने फाटकाचा गज धरलेला, दुसरा पोटावर. रस्त्यावरून पोरं चाललेली, रिक्षा, दप्तरं. मी काही बोलले नाही. जा म्हणाले नाही, चल परत म्हणाले नाही. इतकं न बोलणं मला उभ्या आयुष्यात जमलेलं नाही.

घंटा झाली. प्रार्थना सुरू झालेली ऐकू आली. उशीर तर झालाच.

ती म्हणाली, "आजी, तू वर जा."

"एकटी…"

"जा ना. तू बघत असलीस की मला ठरवता येत नाही."

आले वर. जिन्यात दोनदा थांबले, मागे वळले नाही. घरात म. आणि पल्लवी दोघं एकदम उठले. "गेली?" सरळ गॅलरीत गेलो तिघंही. आणि समोर, आमचं फाटक आणि रस्त्याचं वळण दोन्ही झाकून, कुठल्या तरी साहेबांच्या वाढदिवसाचा बॅनर. काल संध्याकाळी बांधलेला. साहेब हात जोडून हसतायत. त्यांच्या खांद्यावरून शाळेचं नुसतं छप्पर दिसतं.

म. खाली जायला निघाला. मी दारात आडवी उभी राहिले. "आई, बाजूला हो." नाही झाले. "ती तिथंच उभी असेल तर?" असेल. "घाबरून कुठं निघून गेली तर?" मला नाही माहीत रे. मला काही म्हणजे काही माहीत नाही. पण तू आत्ता खाली उतरलास तर तिचं ठरवणं अर्धंच राहील.

पल्लवी म्हणाली, "अहो, बसा." तो बसला. चप्पल पायातच.

तासाभरापूर्वीची गोष्ट ही. शाळेतून फोन नाही, तिचाही नाही. तिघंही बसलोय. लिफ्ट दोनदा आमच्या मजल्यावर थांबली, दोन्ही वेळा शेजारचे.